गावाला किती पाहुणे झेपतील?

मे महिन्याच्या अखेरीस, शनिवारी संध्याकाळी, घोटीहून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर उभे राहिले की दोन प्रकारची वर्दळ दिसते. एक मुंबई-नाशिककडून येणाऱ्या गाड्यांची. त्या गाड्यांतल्या लोकांना काजवे पाहायचे असतात. दुसरी वर्दळ रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या, डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका-मुलींची. त्यांना अंधार पडायच्या आत पाणी घेऊन घरी पोचायचे असते. पुष्कळदा या दोन्ही वर्दळी एकाच गावात जाऊन थांबतात.

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेकडील इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा हे तालुके आणि कळसूबाईच्या पलीकडचा अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातला अकोले तालुका हा सगळा सह्याद्रीचा डोंगराळ भाग. येथे कृषी पर्यटन वाढावे, त्यातून शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत, असे आपण अनेक वर्षे ऐकत आहोत. राज्य शासनाने २०२० साली कृषी पर्यटनाचे धोरणही जाहीर केले. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि मुंबईचा पाहुणा आणखी जवळ आला. म्हणजे पाहुणे येणार की नाही, हा प्रश्न आता उरलेला नाही. किती यावेत, केव्हा यावेत आणि आल्यावर गाव गावच राहील का, हे प्रश्न मात्र आहेत. त्यांची उत्तरे अंदाजाने देण्याची गरज नाही. त्यातली बरीचशी बादली, घड्याळ आणि साधा गुणाकार-भागाकार यांच्या मदतीने काढता येतात. ती कशी, ते या लेखात पाहू.

पाऊस उदंड, पाणी थोडे

इगतपुरीला वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून सुमारे ४५ किलोमीटरवरच्या नाशिक शहरात तो सातशे मिलिमीटरच्या आसपास येतो. डोंगराची भिंत चढताना ढग रिकामे होतात आणि पलीकडच्या बाजूला पर्जन्यछाया पडते, हे आपण भूगोलात शिकवतोच.

आता तीन हजार मिलिमीटर म्हणजे नेमके किती पाणी? एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर. त्यावर ३ मीटर उंचीचा पाण्याचा थर म्हणजे ३०,००० घनमीटर, अर्थात ३ कोटी लिटर. ग्रामीण भागासाठी माणशी दररोज ५५ लिटर हे प्रमाण शासनाने जलजीवन मिशनमध्ये धरले आहे. त्या हिशोबाने पाच माणसांच्या कुटुंबाला वर्षाला सुमारे एक लाख लिटर पाणी लागते. म्हणजे एका हेक्टरवर पडणारा पाऊस तीनशे कुटुंबांची वर्षाची घरगुती गरज भागवील एवढा आहे! आणि तरीही त्याच डोंगरातल्या कित्येक पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते.

याचे कारण पायाखालच्या खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, तयार झाला. अखंड बसाल्ट पाणी धरत नाही. पाणी धरतो तो झिजलेला, भेगाळलेला किंवा सच्छिद्र थर. असा थर खालच्या अभेद्य थरावर टेकलेला असतो, तेथे डोंगराच्या कुशीत झरा फुटतो. थर पातळ आणि उतार तीव्र, त्यामुळे बहुतेक पाऊस काही तासांत नाल्याला आणि नदीला मिळतो. शिवाय हा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येतो. उरलेले आठ महिने गाव त्या पातळ थरातल्या साठ्यावर जगते आणि मेअखेरीस तो तळाला गेलेला असतो. काजव्यांचा हंगाम येतो तो नेमका याच वेळी.

झऱ्याचा हिशोब

एक नमुन्याचे गाव घेऊ. पुढील आकडे आम्ही केवळ उदाहरणासाठी धरले आहेत. वाचकांनी आपल्या गावाचे आकडे घालून हाच हिशोब करावा.

गावाची वस्ती ६००. पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार म्हणजे एक झरा. मे महिन्यात त्याखाली २० लिटरची बादली धरली तर ती ३० सेकंदांत भरते. म्हणजे मिनिटाला ४० लिटर आणि दिवसाच्या १,४४० मिनिटांत ५७,६०० लिटर. रात्रीचे पाणी टाकीत साठवण्याची सोय आहे, असेही धरू.

आता खर्चाची बाजू. ६०० माणसे, माणशी ५५ लिटर, म्हणजे ३३,००० लिटर. गाई, बैल, म्हशी मिळून ३००, प्रत्येकी ४० लिटर धरले तर १२,००० लिटर. शेळ्या २००, प्रत्येकी ५ लिटर, म्हणजे १,००० लिटर. एकूण ४६,००० लिटर. शिल्लक राहिली ११,६०० लिटर. पण सगळी शिल्लक वापरता येत नाही. झऱ्याखालच्या ओहोळावर रानातले प्राणी-पक्षी अवलंबून असतात आणि एखाद्या वर्षी पाऊस लवकर आटोपतो. त्यासाठी एकूण पाण्याचा दहावा हिस्सा, ५,७६० लिटर, बाजूला ठेवू. उरले ५,८४० लिटर.

हे पाणी किती पाहुण्यांना पुरेल? ते पाहुण्याच्या अंघोळीवर अवलंबून आहे! बादलीने अंघोळ, बादलीनेच संडास आणि पंक्तीचे जेवण असा साधा पाहुणचार असेल, तर माणशी ८० लिटर धरायला हरकत नाही. म्हणजे ७३ पाहुणे. फवाऱ्याची अंघोळ, फ्लशचा संडास, रोज धुतलेल्या चादरी आणि बागेची हिरवळ असा थाट असेल, तर माणशी २५० लिटर सहज लागतील. मग पाहुणे फक्त २३.

गाव तेच, झरा तोच, तरी पाहुण्यांची संख्या तिपटीने बदलली. एखाद्या ठिकाणाला झेपेल एवढ्या संख्येला धारणक्षमता म्हणतात. हा शब्द ऐकला की तो निसर्गाने कायमचा ठरवून दिलेला आकडा असावा, असे वाटते. तसे नाही. निम्मा आकडा निसर्ग ठरवतो आणि निम्मा आपली राहण्याची रीत.

सर्वांत आखूड फळी

मग गावाने ७३ पाहुणे घ्यावेत का? एवढ्यात नाही. वनस्पतिशास्त्रात लीबिग यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे. पिकाची वाढ सर्व अन्नद्रव्यांच्या बेरजेवर ठरत नाही. जे द्रव्य गरजेच्या मानाने सर्वांत कमी, त्यावर ठरते. हे समजावण्यासाठी लाकडी फळ्यांच्या पिंपाचे चित्र काढतात. एक फळी आखूड असेल, तर बाकीच्या कितीही उंच असोत, पाणी त्या आखूड फळीच्याच उंचीपर्यंत राहते.

गावाचे पिंपही असेच आहे. त्याच्या फळ्या कोणत्या? पाणी ही एक. पाहुण्याला निजायला जागा देऊ शकतील अशी घरे ही दुसरी. आपल्या गावात अशी दहा घरे असतील आणि प्रत्येक घरात चार पाहुणे मावतील, तर पाणी ७३ जणांचे असले तरी आकडा ४० वर येतो. तिसरी फळी संडास आणि शोषखड्ड्यांची. विहिरीच्या वरच्या अंगाला शोषखड्डा खणला, तर भेगाळ बसाल्टातून मैला थेट विहिरीत उतरू शकतो. चौथी फळी कचऱ्याची. पाण्याच्या बाटल्या आणि वेफर्सच्या पिशव्या गावात येतात, पण त्यांना परत नेणारी गाडी डोंगरात येत नाही. पाचवी फळी माणसांच्या हातांची. तिच्याकडे सहसा कोणी पाहत नाही, म्हणून ती नीट पाहू.

जुलैमध्ये धबधबे कोसळू लागले की शहरातली गर्दी डोंगराकडे धावते. पाण्याची फळी तेव्हा उंच असते. पण त्याच वेळी भाताची आवणी चालू असते. घरातले झाडून सगळे हात गुडघाभर चिखलात असतात. अशा दिवसांत वीस पाहुण्यांचा स्वयंपाक कोणी करायचा? बहुधा घरातल्या बाईनेच, दिवसभराची आवणी आटोपून. नियोजनात तिच्या श्रमाचे तास धरले नाहीत, तर हिशोब कागदावर जमतो आणि घरात बिघडतो.

म्हणजे आखूड फळी दर ऋतूत बदलते. मेमध्ये पाणी, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात काजव्यांचे रान, जुलैमध्ये हात. आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी? झऱ्यांना पाणी असते, भात झोडून झालेला असतो, नवा तांदूळ आणि नागली घरात आलेली असते, हवा छान असते. सगळ्या फळ्या उंच असतात. पण नेमके याच काळात पेठ, सुरगाण्याकडची पुष्कळ कुटुंबे दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला उतरतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात आणि वर्गातली हजेरी घसरते. आपल्यापैकी या भागात शिकवणाऱ्यांना हे सांगायला नको.

येथे नियोजनाचे खरे काम दिसते. पाहुणे वाढवणे हे ते काम नव्हे. मे-जुलैचे काही पाहुणे हिवाळ्याकडे वळवणे, हे आहे. हिवाळ्यात चार महिने पाहुणचाराचे नियमित पैसे मिळाले, तर काही कुटुंबांना तरी गाव सोडावे लागणार नाही.

काजव्यांची बाजू

काजवा चमकतो तो ल्युसिफेरिन या द्रव्याचा ऑक्सिजनशी संयोग होतो म्हणून. ल्युसिफेरेज हे विकर ही क्रिया घडवून आणते आणि तिला ऊर्जा पेशींतल्या एटीपीपासून मिळते. या प्रकाशात उष्णता जवळजवळ नसते, म्हणून त्याला शीत प्रकाश म्हणतात. एवढे पुस्तकात असते. पर्यटनाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते काजव्याचे आयुष्य.

काजव्याचा बहुतेक काळ अळीच्या रूपात जातो. ओलसर मातीत आणि पालापाचोळ्यात राहून ही अळी गोगलगायी व इतर मऊ अंगाचे लहान जीव खाते. पंख फुटल्यावर उरतात ते थोडे दिवस, आणि ते जोडीदार शोधण्यासाठी. नर उडता उडता चमकतो, मादी खालून गवतातून किंवा झुडपातून चमकून उत्तर देते. हा संकेत अंधारातच चालतो. मोटारीचा दिवा, मोबाइलची विजेरी, ढाब्याची झगझगीत रोषणाई यांत तो बुडून जातो. नर-मादी भेटलेच नाहीत, तर पुढच्या वर्षीच्या अळ्या कोठून येणार? आणि पायवाट सोडून शंभर माणसे झाडाखाली शिरली, तर गवतातल्या माद्या व पाचोळ्यातले जीव तुडवले जातात.

म्हणजे काजव्यांच्या बाबतीत पाहुण्यांची संख्या जितकी महत्त्वाची, तितकेच त्यांचे वागणेही. गाड्या गावाच्या वेशीवर थांबवणे, पुढे वाटाड्याबरोबर लहान गटाने पायी जाणे, विजेरीला लाल जिलेटिनचा कागद लावून ती जमिनीकडेच धरणे, गाणी न वाजवणे, ठरलेल्या वेळी परतणे, यांतल्या एकाही गोष्टीला भांडवल लागत नाही. लागते ती गावाने एकत्र बसून केलेली शिस्त, आणि ती न पाळणाऱ्या पाहुण्याला नाही म्हणण्याची तयारी.

पैसा कुठे थांबतो?

पाहुणा गावात १,५०० रुपये खर्च करतो असे धरू. त्यातले गावात किती राहतात?

पहिला प्रकार असा, की बाहेरच्या मालकाने जमीन घेऊन विश्रामधाम बांधले आहे. तांदूळ, भाजी, कोंबडी शहरातल्या बाजारातून येते. गावाच्या वाट्याला झाडलोट, पहारा आणि थोडीफार मजुरी. ती पाहुण्यामागे ३०० रुपये धरू. दुसऱ्या प्रकारात पाहुणा शेतकऱ्याच्या घरी राहतो. तेल, साखर, चहा, साबण बाहेरून आणावे लागते, त्याचे ३०० रुपये गेले. पाहुणे मिळवून देणाऱ्या संस्थेचे ३०० रुपये गेले. तांदूळ, नागली, भाजी, श्रम आणि जागा गावचीच. गावात ९०० रुपये राहिले.

आता याला पाण्याच्या हिशोबाशी जोडू. पहिल्या प्रकारात एका पाहुण्यामागे २५० लिटर पाणी खर्चून गावाला ३०० रुपये मिळाले, म्हणजे लिटरमागे १ रुपया २० पैसे. दुसऱ्यात ८० लिटर खर्चून ९०० रुपये मिळाले, म्हणजे लिटरमागे सव्वाअकरा रुपये. जेथे मे महिन्यात पाणी हीच खरी पुंजी आहे, तेथे एकरी उत्पन्नाइतकेच हे लिटरमागचे उत्पन्नही पाहायला हवे. आकडे उदाहरणाचे असले, तरी गळती जेवढी कमी, तेवढे थोडे पाहुणे गावाला पुरतात, हे तत्त्व कोठेही लागू पडते.

शेती मुख्य, पाहुणा जोड

हे केवळ कागदावरचे नाही. अकोले तालुक्यातल्या पुरुषवाडी गावात आधी पाणलोट विकासाचे काम झाले. त्यानंतर २००६ च्या सुमारास ग्रासरूट्स या संस्थेने गावकऱ्यांबरोबर पर्यटन सुरू केले. पाहुणे गावातच राहतात, गावच्या घरी जेवतात, गावातलेच तरुण वाटाडे असतात आणि कारभार गावाच्या समितीमार्फत चालतो. क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. आधी पाणी अडवले, मग पाहुणे बोलावले. उलट क्रमाने गेले, तर पाहुणा आणि गावकरी एकाच हंड्यासाठी उभे राहतात.

सुरगाण्याचे उदाहरण वेगळे आहे. तेथल्या बोरगाव परिसरात आदिवासी शेतकरी हिवाळ्यात स्ट्रॉबेरी पिकवतात आणि नाशिक-सापुतारा रस्त्याच्या कडेला पर्यटकांना विकतात. पर्यटक मुक्काम गुजरातेतल्या सापुताऱ्याला करतो, पण त्याच्या पैशाचा थोडा हिस्सा सुरगाण्याच्या शेतात उतरतो. पाहुण्याला घरी ठेवले नाही तरी त्याला शेतीमाल विकता येतो, हेही कृषी पर्यटनच. मात्र स्ट्रॉबेरीला ठिबक आणि प्लॅस्टिकचे आच्छादन लागते. ते फाटल्यावर कोठे जाते, हेही विचारले पाहिजे.

नाशिकचे नाव झालेले पर्यटन मात्र द्राक्षमळ्यांचे. १९९९ साली स्थापन झालेल्या सुला वाइनरीने २००५ मध्ये वाइन चाखण्याचे दालन उघडले आणि त्यानंतर या धंद्याने चांगले बाळसे धरले. पण ते पठारावरच्या बागायती शेतीचे, मोठ्या भांडवलाचे पर्यटन आहे. त्याची नक्कल दोन एकर भात आणि नागली करणाऱ्या डोंगरगावाने करू जाणे शहाणपणाचे नाही.

बाहेरच्या जगातले इटलीचे उदाहरण बोलके आहे. तेथे डोंगराळ भागातली शेती ओस पडू लागली, तेव्हा १९८५ साली शेतघरी पाहुणे ठेवण्याविषयी कायदा झाला. त्याचा गाभा असा, की शेती हा मुख्य व्यवसाय राहिला पाहिजे आणि पाहुणचार हा जोडधंदा. शेती थांबली, तर त्या नावाने धंदा करता येत नाही. वरवर कडक वाटणारा हा नियम आपल्याला २०२० मध्ये चांगला समजला. टाळेबंदीत पर्यटन एका दिवसात थांबले. ज्यांच्या कणगीत भात होता, ते तगले. ज्यांनी कर्ज काढून नुसत्याच खोल्या बांधल्या होत्या, त्यांना हप्ते भरणे जड गेले.

जमिनीचेही तसेच. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे शासनाच्या परवानगीविना जाऊ नये, अशी तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मध्ये आहे. सुरगाणा, पेठ हे तालुके आणि इगतपुरी, त्र्यंबकचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला विशेष अधिकार दिले आहेत. हे विद्यार्थ्यांना नागरिकशास्त्रात अवश्य सांगावे. कारण जमीन एकदा हातची गेली, की पुढच्या पिढीला त्याच जमिनीवर पहारेकरी म्हणून उभे राहावे लागते. तेव्हा कोणताही हिशोब उपयोगी पडत नाही.

वर्गात करून पाहा

आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना हा प्रकल्प वर्षभरासाठी देता येईल.

पहिले काम पाण्याचे. गावातल्या झऱ्याखाली मापाची बादली धरून ती भरायला लागणारा वेळ दर महिन्याच्या एकाच तारखेला मोजावा. तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. झरा नसेल, तर विहिरीतल्या पाण्याची पातळी दोरीने मोजावी. बारा महिन्यांचा आलेख काढला, की गावाचे पाणी कोणत्या महिन्यात किती वेगाने उतरते, ते डोळ्यांना दिसते.

दुसरे काम हातांचे. पाच-सहा घरांत जाऊन आई-वडिलांच्या कामाचे तास महिनावार लिहावेत. बायकांचे आणि पुरुषांचे तास वेगळे मांडावेत. गावातून कोण, केव्हा, कोठे मजुरीला जाते, याचीही नोंद घ्यावी. मात्र कोणाचे नाव लिहू नये.

तिसरे काम पैशाचे. गावच्या दुकानातल्या वस्तूंची यादी करून त्यांतल्या किती गावात तयार होतात आणि किती बाहेरून येतात, ते पाहावे. पूर्वी गावात होत असलेली पण आता बाहेरून येणारी एखादी वस्तू सापडली, तर ती का थांबली, हे म्हाताऱ्या माणसांना विचारावे.

या तीन तक्त्यांवरून प्रत्येक महिन्याची आखूड फळी कोणती, ते ठरवावे आणि गावाला त्या महिन्यात किती पाहुणे झेपतील, हा आकडा काढावा. काही महिन्यांत तो शून्य येईल. शून्य आला म्हणून मुलांनी हिरमुसू नये. तोही आकडाच आहे, आणि गावाच्या दृष्टीने कदाचित सर्वांत उपयोगाचा. शेवटी हे तक्ते मोठ्या कागदावर काढून मुलांनी ग्रामसभेत वाचून दाखवावेत. गावात पाहुण्यांसाठी खोल्या बांधायचे पुढे कधी ठरलेच, तर चर्चेला निदान त्या झऱ्याचा बारा महिन्यांचा आलेख तरी समोर असेल.